माझी कल्हई गेली तेव्हा

मी एक जुनी लगन आहे. लग्न नव्हे, लगन! माझं नाव ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगते. लगन म्हणजे तांब्याचं रुंद, पसरट, उभ्या काठाचं भांडं. माझ्याखाली निखारे पसरतात, झाकणावरही निखारे ठेवतात आणि मधल्या धगीत आतला जिन्नस भाजून निघतो. याला दम देणं म्हणतात. मित्रांनो, तेव्हा घरोघरी भट्ट्या नव्हत्या. आमच्या घरची भट्टी मीच होते.

धाराशिवच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. खातूनबी लग्न होऊन तेरला आली, तेव्हा तिच्या सामानात मीही आले. निजामाचं राज्य होतं. माझं अंग तांबडं, पण पोट चांदीसारखं पांढरं. ती चांदी नव्हती, कल्हई होती. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, मला लाल होईपर्यंत तापवायचा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. ही पांढरी कातडी शाबूत असली की मी निर्धोक. ती झिजली की आंबट पदार्थ माझ्यात कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो.

खातूनबीला चार लेकरं. आयुब, अन्वरी, जलील आणि पाळण्यातली सायरा. दर मोहरमला ती रोट करायची. रवा दह्यात भिजवायचा, तूप-साखर घालून मळायचं, वड्या थापायच्या आणि माझ्यात ठेवून दम द्यायचा. एका पायानं पाळण्याची दोरी ओढायची, एका हातानं चिमटा धरायची, आणि तोंड जलीलच्या मागे धावायचं.

"जल्या, हात हटा! डोक्यावर निखारे हायत हिच्या. पोळला तर मला सांगायला येऊ नको!"

शेजारच्या महादेवीनं मोहरमच्या सवारीपुढं, म्हणजे पंजाच्या मिरवणुकीपुढं, मुलासाठी नवस बोलला होता. त्यानंतर तिला मल्लिनाथ झाला. त्यामुळं दर मोहरमला पहिला रोट मल्लिनाथचा. मला त्याचा फार अभिमान होता.

मग १९४८ साल आलं. भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. गावोगावी मुसलमानांची घरं लुटली जाऊ लागली, तशी खातूनबी पोरांना घेऊन आठ दिवस दूरच्या शिवारात लपून राहिली. परत आली तेव्हा घरात भांडं उरलं नव्हतं. रवा भिजवायची मातीची कुंडीही फुटली होती. मी कडब्याच्या गंजीत लपवलेली होते, म्हणून वाचले. तिच्या नवऱ्याला, खाजाभाईंना, चौकशीसाठी धाराशिवला नेलं होतं. ते परतले नव्हते. दार वाजलं की खातूनबी आधी पोरांची तोंडं दाबायची, मग फटीतून बघायची.

दोन महिन्यांनी मोहरम आला. "औंदा रोट नको, अक्का," ती महादेवीला म्हणाली. "भ्या वाटतं."

"माझा नवस तुझ्या भ्याला बांधलाय व्हय?" महादेवी म्हणाली आणि रवा, तूप, साखर ओट्यावर ठेवून गेली.

खातूनबीनं संध्याकाळी रवा दह्यात भिजवला. कुठं भिजवला? माझ्यात. दुसरं भांडंच नव्हतं. सायरा रडत होती, जलीलला ताप होता, चूल धूर ओकत होती. तिनं माझ्या पोटात वाकून पाहिलं नाही. माझी कल्हई कधीच झिजली होती. कल्हईवाला उन्हाळ्यापासून फिरकला नव्हता. दही माझ्या तांब्याला लागलं, आणि मला कळलं. पण मित्रांनो, भांड्याला तोंड असतं, जीभ नसते. सकाळपर्यंत रवा माझ्यात मुरत राहिला. तशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

सकाळी रोट झाले. पहिला मल्लिनाथला गेला. "कडू लागतंय," तो म्हणाला, तरी नवसाचा म्हणून त्याला सगळा खायला लावला. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. इकडं आयुब आणि जलीलही ओकू लागले. खातूनबीनं त्यांना आतल्या खोलीत घातलं आणि दार ओढून घेतलं. घरात पटकी आली म्हणून लोक गावाबाहेर काढतील, असं तिला वाटलं.

थोड्या वेळानं महादेवीचा दीर हणमंतप्पा पाच-सहा माणसं घेऊन अंगणात आला. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

"काय घातलंस रोटात?"

 खातूनबीनं सायराला छातीशी धरलं, खाली बसली आणि टोपलीतला रोट उचलून खाऊ लागली. एक संपला, दुसरा घेतला. रवा पदरात सांडत होता. "बघा," ती म्हणत होती, "मी खाते, बघा."

तेवढ्यात महादेवी धावत आली. मल्लिनाथला सासूजवळ ठेवून आली होती. आतून जलीलच्या ओकण्याचा आवाज आला. तिनं दार ढकललं, दोन्ही पोरं पाहिली आणि वळली.

"भावजी, स्वतःच्या लेकरांना कुणी विष घालतं का?"

मग तिनं खातूनबीच्या हातातला रोट काढून घेतला, मला उचललं आणि दारातल्या उन्हात तिरपं धरलं. माझं पोट तांबडंलाल दिसलं. काठाच्या घडीत कळकाचा हिरवा थर होता.

"अगं बाई, हिची कल्हई कुठं हाय?"

"कल्हईवाला आलाच न्हाय, अक्का."

"येईल कसा!" महादेवीचा आवाज चढला. "दसऱ्याच्या आधी गावाच्या येशीपतोर आला हुता. मुसलमान म्हणून कुणी हाकलला त्याला, भावजी? सांगा की समद्यांना!"

हणमंतप्पानं माझ्या काठावरचा हिरवा थर बोटानं खरवडून पाहिला. कुऱ्हाडवाला हळूच मागं सरकला. अंगण रिकामं झालं.

दिवस मावळेपर्यंत महादेवी दोन्ही घरांच्या मधे धावत होती. दिवेलागणीला मल्लिनाथनं पाणी मागितलं. मग जलीलनं. खातूनबी तेव्हा कुठं रडली.

चार दिवसांनी हणमंतप्पा धाराशिवला गेला आणि त्याच कल्हईवाल्याला गाडीत बसवून घेऊन आला. माझी कल्हई होईपर्यंत तो भाता ओढत बसला.  खाजाभाई संक्रांतीच्या सुमारास सुटून आले.

त्यानंतर मोहरम जवळ आला की महादेवी आमच्या घरी यायची, मला उन्हात धरायची आणि म्हणायची, "बघू गं, तोंड दाखव."

आता ती नाही. खातूनबीही नाही. मी अन्वरीच्या माळ्यावर असते. तिला आताशा नीट दिसत नाही. माझी कल्हई पुन्हा गेली आहे. काल तिच्या नातसुनेनं मला खाली काढलं, चिंच लावून बाहेरून लखलखीत घासलं आणि म्हणाली, "किती सुंदर आहे! उद्या हिच्यात दही लावते."

मित्रांनो, मी ओट्यावर आहे. दूध तापत ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर मला एकदा उजेडात तिरपं धरा.