मऊ व्हायचं राहून गेलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे आणि तरीही मी नवाच आहे. माझ्या वयाच्या बुटांचे तळ केव्हाच झिजून गेले. त्यांच्या टाचा वाकल्या, जिभा लोंबल्या आणि शेवटी ते कुठे गेले हे कोणी विचारलंही नाही. माझ्या तळाचे खिळे मात्र अजून टोकदार आहेत. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका लोखंडी खाटेखाली मी आणि माझा उजवा भाऊ पडून असतो. मी डाव्या पायाचा.

लोक म्हणतात, नवा बूट चावतो. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आम्हाला काय दात असतात? ज्या जनावराची ही कातडी, त्याच्या अंगावर ती मऊच होती. पुढे ती चुन्यात बुडवली, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवली, उन्हात ताणली. एवढं सोसल्यावर कोणीही कडकच होणार. पुन्हा मऊ व्हायला आम्हाला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे माणसाचा पाय. त्याची ऊब, त्याचा घाम, त्याचं वजन, आणि तेही रोज थोडं थोडं. पाय आम्हाला शिकवतो आणि आम्ही शिकतो. मला शिकायचं होतं, मित्रांनो. फार मनापासून शिकायचं होतं.

परळच्या पुलाजवळ एका पत्र्याच्या आडोशाला कोंडीराम नावाचे कारागीर बसत. त्यांनी मला कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, ताणून शिवलं. टाचेला नाल ठोकली, तळाला खिळे मारले. ते काम करताना गुणगुणत नसत, बोलत नसत, पण बूट तयार झाला की उलटा धरून तळावर एक थाप मारत. ती थाप मला मिळाली तेव्हा मी फुशारून गेलो होतो.

ते छप्पन्न साल होतं. त्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सारं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. संचारबंदी लागली, गोळीबार झाला, माणसं गेली. उन्हाळा लागला तरी माणसांच्या चेहऱ्यावरून ते दिवस उतरले नव्हते. अशातच एका संध्याकाळी सीताराम मला न्यायला आला.

सीताराम मूळचा कोकणातला. वीस-बाविसाव्या वर्षी गिरणीत लागला आणि सूतखात्यात राबला. कापसाच्या तुसाने त्याची छाती भरली होती. चार पायऱ्या चढला की थांबायचा आणि खोकायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता खातं सोडा, नाहीतर छाती साथ देणार नाही. कोणाकोणाच्या पाया पडून त्याने गिरणीच्या फाटकावर राखणदाराची जागा मिळवली होती. मोकळी हवा, आवाराला फेऱ्या, बस. महिनाभर काम बघून मग कायम करणार होते. फक्त पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्दी हवी आणि पायात नालेचे बूट हवेत, असा तिथल्या जमादाराचा हुकूम होता. राखणदार फिरतोय हे ऐकू आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे बघा, त्या माणसाचा श्वास माझ्यावर अवलंबून होता. बुटाच्या वाट्याला इतकी मोठी कामगिरी सहसा येत नाही.

सीतारामने जन्मात कधी बूट घातला नव्हता. भाताच्या चिखलात वाढलेले त्याचे पाय, रुंद आणि बोटं फाकलेली. कोंडीरामांनी त्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दादा, एकदम दिवसभर घालू नका हां," ते म्हणाले. "पहिले आठ-धा दिवस घरातल्या घरात घाला. सांजच्याला घाला, तवा पाय फुगलेला असतो. आत जाड मोजे. मोज्याच्या टाचेला कोरडा साबण घासा. जरा टोचलं की काढा, रातभर सुकू द्या. असं केलंत तर ह्यो बूट तुमच्या पायाचाच होऊन जाईल."

"आणि घरात जमलं नाही तर?" सीतारामने विचारलं.

"न जमायला काय झालं? चालायचंच हाय ना!"

सीताराम हसला नाही. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही. ते घरी गेल्यावर कळलं.

त्यांचं घर म्हणजे एकच खोली. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात चूल आणि तिच्या शेजारी फळीवर देव. सीतारामची आई राधाबाई दारातच उभी होती.

"चामड्याचा काय आत आणू नको हां," ती म्हणाली. "देव आसत थंय. गावाक कोणी असा केल्यान नाय, आणि तू करतलंस?"

"आई, थोडा वेळ घालून चालायचं फक्त. बाकी काही नाही."

"मग भायर चाल. गॅलरी केवढी लांब आसा!"

राधाबाई दुष्ट नव्हती. लेकाच्या छातीसाठी तिने सोमवार धरले होते. पण चामडं आणि देव एका खोलीत, हे तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं. सीतारामलाही आईचं पटत होतं. मग त्याची बायको बकुळा हिने उंबऱ्याबाहेर गोणपाट अंथरलं, सीतारामने त्यावर बसून मोजे चढवले, साबण घासला आणि आम्हा दोघांत पाय घातले.

तो पाय आत आला आणि मी घाबरलो. किती जागा लागत होती त्याला! करंगळी माझ्या भिंतीवर दाबली गेली. पण मला वाटलं, हरकत नाही, रोज थोडं थोडं सरकू. सीताराम उठला आणि गॅलरीतून चालू लागला.

ती गॅलरी लाकडी फळ्यांची होती. खाड, खाड, खाड. माझ्या नालेचा तो आवाज ऐकून मी स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात पलीकडचं एक दार धाडकन लागलं. मग दुसरं. पोरांना कोणीतरी ओढून आत घेतलं. आणि अगदी टोकाच्या खोलीतून कडी घातल्याचा, मग पेटी सरकवत दाराला लावल्याचा आवाज आला.

ती खोली शेवंतीबाईंची. त्यांचा एकुलता एक मुलगा चिंतामणी जानेवारीत गोळी लागून गेला होता. त्या दिवसांत ह्याच जिन्यावरून, ह्याच गॅलरीतून पोलिसांचे बूट वाजत आले होते, दारं ठोठावली गेली होती. तेव्हापासून शेवंतीबाई चाळ उतरून खाली गेल्या नव्हत्या.

सीताराम जागच्या जागी थिजला. त्याने तिथेच बसून आम्हाला काढलं, हातात घेतलं आणि अनवाणी त्यांच्या दाराशी गेला.

"शेवंतीमावशी, मी आहे, सीताराम. घाबरू नका. नवे बूट घेतलेत नोकरीसाठी, ते जरा चालून मऊ करतोय."

पेटी सरकली. दार थोडंसं उघडलं.

"मला ठाऊक आहे रे, तूच आहेस ते," शेवंतीबाई म्हणाल्या. "बकुळाने सकाळीच सांगितलं मला. मनाला समजतं. पण ह्या कानांना कोण समजावणार?"

 सीताराम आम्हाला हातात घेऊन अनवाणीच परत फिरला. 

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला घेऊन मैदानावर गेला. मैदानात मुंबईच्या मागणीची सभा चालू होती. लेंगा, सदरा आणि खाली नालेचे बूट घालून हा माणूस गर्दीच्या कडेने एकटाच येरझारा घालतोय, हे बघून दोन जण जवळ आले. "काय रे ए, कुठल्या चौकीचा तू? साध्या वेशात आलायस काय?" सीतारामने शपथा घेतल्या, गिरणीचं नाव सांगितलं, पण माणसं जमायला लागली. शेवटी ओळखीचा एक जण धावून आला म्हणून निभावलं. परत येताना आम्ही त्याच्या काखेत, सदऱ्याखाली लपवलेले होतो.

बकुळा मोठी खटपटी बाई. तिने माझ्या टाचेला एरंडेल चोळलं. आत ओले कागदाचे बोळे कोंबले. मी जरा ढिला पडलो, पण तेलाने बूट नुसता ओलसर होतो. पायाचा आकार त्याला पायच देतो. मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली. तिने गोणपाटाचे तुकडे कापले आणि सुतळीने आमच्या तळाला घट्ट बांधले.

"आता वाजवून दाखवा बघू," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

आणि खरंच वाजलं नाही! सीताराम गॅलरीच्या निम्म्यापर्यंत गेला. वाकलो मी. पहिल्यांदाच चवड्यापाशी नीट वाकलो. एक बारीक घडी पडली माझ्या अंगावर. असंच आणखी चार-सहा संध्याकाळी झालं की जमणार, असं मला वाटलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एवढीच चांगली संध्याकाळ.

इतक्यात टोकाच्या खोलीतून शेवंतीबाईंची किंकाळी आली. "दबकत येतंय कोणीतरी! चिंतामणी, बाहेर जाऊ नको रे!"

बकुळा धावली. शेवंतीबाई दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. वाजणाऱ्या बुटांची निदान चाहूल तरी लागते, चोरपावलांची तीही लागत नाही, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री बकुळा त्यांच्यापाशीच झोपली.

सीतारामने सुतळी सोडली, गोणपाट काढलं आणि आम्हाला उंबऱ्याबाहेरच्या खिळ्याला टांगलं.

"राहू दे आता," तो म्हणाला. "चार दिवस दुखेल, मग होईल सवय. माझा पाय आहे, बघून घेईन मी. त्या बाईला नाही छळायचं."

मी त्या खिळ्याला लटकून रोज गॅलरीकडे बघत असे. इतकी लांबरुंद गॅलरी होती ती. चालायला पुरेशी. पण चालायचं कोणी?

नोकरीचा दिवस उजाडला. सीताराम वर्दी घालून, आम्हाला हातात घेऊन, अनवाणी जिना उतरला आणि रस्त्यावर येऊन बूट चढवले. दिवसभर गिरणीच्या दगडी आवारात फेऱ्या. मी काय करणार? मी कलबुताच्या मापाचा होतो, त्याच्या पायाच्या मापाचा नव्हतो. दुपारपर्यंत टाचेला फोड आला, संध्याकाळी फुटला. करंगळी चेपून काळीनिळी पडली. घरी आल्यावर मोजा पाण्यात भिजवून सोडवावा लागला. बकुळाने हळद भरली.

"उद्या नका जाऊ," ती म्हणाली.

"महिनाभर बघतायत मला. दुसऱ्याच दिवशी खाडा करू?"

तो गेला. तिसऱ्या दिवशी त्याने माझी टाच आत दुमडून चपलेसारखा पाय घातला, तर जमादार खेकसला, "बूट नीट घाल, नाहीतर घरी जा!" त्याने बूट नीट घातला. आणि पुढच्या फेरीला लागला. खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःच्या कडकपणाची किळस आली. जागा करून द्यायला मी धडपडत होतो आणि मला ते येत नव्हतं.

मग ताप आला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. इस्पितळात नेलं तेव्हा जखम चिघळून विष वर चढलं होतं. पाय वाचला, पण डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. तो घरी आला तोवर फाटकावर दुसरा राखणदार उभा होता. महिनाभर जागा कोण रिकामी ठेवतो?

सीताराम लंगडत पुन्हा सूतखात्यात गेला. बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवसापुरता. त्याच तुसात.

तो इस्पितळातून आला त्या दिवशी राधाबाईने आम्हाला खिळ्यावरून काढलं आणि स्वतःच्या हाताने आत आणून खाटेखाली ठेवलं. मग फळीवरच्या देवासमोर जाऊन बसली. "आता ऱ्हवांदे आत," एवढंच म्हणाली. तिचा देव काही रागावला नाही. रागावणार नव्हताच, असं तिला आधी कळलं असतं तर! त्या पावसाळ्यात ती वारली.

वर्षं गेली. साठ साल आलं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणं लागली, गॅलरीत पणत्या मांडल्या, खाली लेझीम घुमत होती, गुलाल उडत होता. सीताराम दारात खाटेवर बसला होता. चार शब्द बोलला की खोकला यायचा त्याला. अशा वेळी शेवंतीबाई भिंतीला धरून धरून आमच्या दाराशी आल्या. जानेवारी छप्पन्ननंतर त्या एवढ्या लांब पहिल्यांदाच चालून आल्या होत्या.

"सीताराम, ते बूट आहेत का रे अजून?" त्यांनी विचारलं. "घाल आज. माझ्या दारापर्यंत चालत ये. मी दार उघडं ठेवते."

बकुळाने आम्हाला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. सीतारामने डावा पाय माझ्यात घातला. आणि मित्रांनो, पहिल्यांदाच मी त्याला कुठेही टोचलो नाही. तो पाय माझ्यात अगदी सैल बसला. जिथे दाबत होतं, तिथे आता दाबायला काही उरलंच नव्हतं.

खाड... मग जरा फरफट... खाड... मग फरफट. शेवंतीबाई चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. पण त्यांनी दार लावलं नाही. सीताराम निम्म्या गॅलरीपर्यंत गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. तो कठड्याला टेकून खाली बसला. बकुळाने आमच्या नाड्या सोडल्या. खालच्या लेझमीत त्याचा खोकला बुडून गेला.

"राहू दे रे, बाळा," शेवंतीबाई दारातूनच म्हणाल्या. "आलास तू. पोचलास."

तो पोचला नव्हता. निम्मी गॅलरी राहिली होती.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. नवे बूट घेतलेत तर ते हळूहळू घाला. संध्याकाळी, जाड मोज्यांवर, थोडा वेळ, घरातल्या घरात. टोचले की काढा. आणि घरात ती जागा नसेल, बाहेर चालायची सोय नसेल, शेजारच्या दाराआड कोणी कानांवर हात ठेवून बसलं असेल, तर काय करायचं ते मला विचारू नका. मला ते अजून कळलेलं नाही. खाटेखाली पडल्या पडल्या मी फक्त गोणपाटातल्या त्या संध्याकाळी पडलेली एक बारीक घडी जपून ठेवली आहे. माझ्या साऱ्या अंगात तेवढीच जागा मऊ आहे.