टाच आणि चवडा

"जमलं नाही तर गिटार इथंच विकून टाकतो," वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर ह्यांनी पुन्हा बजावलं. घरून निघाल्यापासून तिसऱ्यांदा.

"अहो, आधी आत तर चला!"

ह्यांनी एकतीस वर्षं छापखान्यात कागद कापले. दोन वर्षांपूर्वी कटिंग मशीनने डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली. उरलेल्या बोटांनी सूर दाबता येतो, पण तार ओढून सूर न तोडता वर नेणारी मींड काढायला जोर पुरत नाही. आणि मींड नाही तर ते वाजवणं नव्हे, नुसती टकटक, असं ह्यांचं म्हणणं. तेव्हापासून गिटार कपाटावर आणि हे गप्प. घरातली असली शांतता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मींड पायाने काढता येते, हे मला कुणीतरी सांगितलं आणि मी ह्यांना ओढत आणलं.

टक्कलवाल्या दुकानदाराने दोन पेडल जमिनीवर मांडले आणि गिटार वायरीने जोडून दिली. पहिल्याला नुसतं बटण. दाबलं की सूर टुणकन वर, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. ह्यांनी मान हलवली. दुसऱ्याला पावलाएवढी लोखंडी पट्टी होती.

"टाच दाबली की सूर जागेवर. चवडा झुकवाल तसा वर," दुकानदार म्हणाला. "किती चढवायचा ते या बटणावर ठरवा. कसा चढवायचा ते पाय ठरवेल."

ह्यांनी ते बटण एकच सूर चढेल असं लावलं, तार छेडली आणि पाय दाबला. पट्टी खाडकन खाली, सूर एकदम वर. पुन्हा तेच. पुन्हा.

"अहो, हळू."

"हळूच दाबतोय!" कपाळावर घाम आला होता. मग आवाज उतरला. "अगं, कटिंगचा पेडल अर्धा दाबायचाच नसतो. गठ्ठा सरकतो. पायाला तेवढंच येतं. त्या दिवशीही पूर्णच दाबला होता."

ह्यांनी गळ्यातला पट्टा काढायला घेतला. "हिचे किती येतील हो?"

"थांबा," मी म्हटलं आणि चप्पल काढली.

सव्वीस वर्षं मी पायमशीनवर लोकांचे कपडे शिवतेय. पाय हलका नसेल तर शिवण पळते. मी पट्टीवर पाऊल ठेवलं. "हं, वाजवा."

ह्यांनी तार छेडली. मी टाच उचलत चवडा झुकवला. सूर न तुटता वर चढला.

"वहिनी, गिटार आता तुम्हीच घ्या!" दुकानदार हसला. हे हसले नाहीत. बूट काढून पाय पुढे केला आणि म्हणाले, "माझ्या पायावर पाय ठेव."

चारचौघांत! लाजेने मेल्यासारखं झालं, पण ठेवला. खाली त्यांचा पाय लगेच पट्टी रेटायला लागला.

"ढकलू नका. मी नेते."

पहिल्यांदा सूर मध्येच सांडला. दुसऱ्यांदा वरपर्यंत गेला, लंगडत का होईना. तिसऱ्यांदा तो अर्ध्यावर पोचला तेव्हा मी न सांगता माझा पाय उचलून घेतला. ह्यांना कळलंही नाही. सूर तसाच वर चढत राहिला.

"मग, गिटारची किंमत सांगू का?" दुकानदाराने विचारलं.

ह्यांनी ऐकलंच नाही. मी खाली वाकून चप्पल शोधत होते. डोळे इतके भरले होते की ती समोर असून दिसेना.