नासीर पिंजाऱ्याचं चाकांवरचं घर

“भाभी, गाडीच्या छतावरची जाळी बुजवू नका. जुन्या लोकांनी ती शोभेला नाही ठेवलेली,” रुपचंद सुतार म्हणाला होता. रुखसारने ते उडवून लावलं. “मिस्त्री, थंडी तुमच्या फळ्यांना नाही वाजत, माझ्या एवढ्याशा आयतला वाजते.”

तिचे सासरे नासीर देवपुरातले पिंजारी. गाद्या-रजया भरण्यात आयुष्य गेलेलं. फट दिसली की हात आपोआप कापसाकडे जायचा. सुनेने म्हणायचा अवकाश, त्यांनी जाळीत सुई शिरणार नाही असा कापूस ठासला.

गाडी शंभर वर्षांची. चोपड्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने सरकी काढायच्या जिनांवर फिरताना मुक्कामाला म्हणून लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी खोली बांधून घेतलेली. नासीरमियाँनी ती कोंबड्या हाकलून एका गोठ्यातून ओढून आणली आणि रुपचंदला हाताशी धरून सहा वर्षं तिच्यात घातली. रुखसार आधी नाक मुरडायची. पण बाकाची पाठ उचलली की पलंग होतो, टेबलाखालून हात धुवायचं भांडं सरकून येतं, हे पाहिलं आणि तिचीच बोटं पितळी कड्यांवरून फिरू लागली. एवढ्याशा जागेत कुणी किती विचार केला होता!

जानेवारीत सासरे, रुखसार आणि आयत तिघं साक्रीकडे निघाले. “अब्बा, मागून सायकलवाला घंटी वाजवतोय.”

“जाऊ दे त्याला. त्याचं घर लांब असेल. आपण घरीच आहोत.”

सकाळी आठला ते रस्त्याकडेला थांबले. वारा बोचत होता. दार-खिडक्या लावून सासऱ्यांनी कोपऱ्यातली कोळशाची शेगडी पेटवली, चहा ठेवला. आत छान ऊब आली. आयत मांडीवर पेंगली, रुखसारचंही डोकं जड झालं. प्रवासाचा शीण असेल, तिला वाटलं. मग चहा उतू गेला आणि शेजारी बसलेले अब्बा हलले नाहीत.

“अब्बा.” तिने त्यांचा खांदा हलवला. “अब्बा!”

“हं,” एवढंच.

धूर नव्हता, वास नव्हता. पण कोंडलेल्या खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू काय करतो, याचं उत्तर लिहून तिने बी.एस्सी.ला मार्क मिळवले होते. तिने लाथेने दार उघडलं, आयतला बाहेर गवतावर निजवलं, सासऱ्यांना काखेत धरून ओढलं. पोर रडायला लागली तेव्हा रुखसारच्या जीवात जीव आला. मग आत जाऊन तिने जाळीतला कापूस ओरबाडून काढला.

साक्रीच्या दवाखान्यात सासऱ्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. “रुपचंदला सांगू नको,” ते पुटपुटले.

“सांगणार.”

“मग हेही सांग, ज्याने ती जाळी ठेवली, त्याच्या हाताखाली मी फुकट राबलो असतो.”

आता ते एकटेच गाडी घेऊन निघतात आणि फोन घरी विसरतात. रुखसार भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगणं आहे. साक्री रस्त्याला हिरवी, लाकडी, पडदे लावलेली गाडी उभी दिसली, तर नुसता फोटो काढून जाऊ नका. दार वाजवा, नासीरचाचांशी दोन शब्द बोला आणि ते बरे आहेत एवढं देवपुरात रुखसारला कळवा.