बेचाळीस पेठा आणि एक गल्ली

ताईच्या शहरात बेचाळीस पेठा होत्या, सात वेशी होत्या, एक टेकडी होती, टेकडीवर तलाव होता आणि तलावातून निघून घरोघरच्या हौदांपर्यंत उतरणारा दगडी पाट होता. फक्त हे शहर कुठेच नव्हतं. ते होतं एका जाडजूड फायलीत आणि आलेखाच्या कागदाच्या एकोणीस तावांवर. अकरा वर्षं खपून ताईने ते उभं केलं होतं. ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. त्यामुळे शहरात राजवाड्याच्या आधी गटारं बांधून झाली होती, आणि पाटाचा उतार दर दोनशे हातांना एक हात याहून कुठेही कमी नव्हता.

रविवारी दुपारची जेवणं आटपली की तिच्याकडे तिघं जमायची. धाकटा भाऊ, जो प्लंबर होता. भावजय, जी इस्पितळात नर्स होती. आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर, ज्यांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते आणि आता डोळ्यांमुळे मशीन बंद ठेवलं होतं. खेळ सोपा होता. ताईने शहर सांगायचं. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या शहरात आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

धाकटा मांत्रिक होता, भावजय तलवारबाज. मास्तरांनी हट्टाने चोर घेतला होता. "जन्मभर लोकांचं उरलेलं कापड परत केलं," ते म्हणाले होते, "आता एवढं तरी करू द्या."

तीन वर्षांपूर्वी ही तिघं टेकडीखालचा खजिना शोधायला पूर्वेच्या वेशीतून आत शिरली. पहिली रात्र काढायला त्यांनी दोरवाल्यांच्या गल्लीत एक खोली घेतली. ती घेतली ती घेतलीच. मांत्रिक आता शेजाऱ्यांचं आंघोळीचं पाणी तापवून द्यायचा. तलवारबाज बाई गल्लीतल्या पोरींना काठी फिरवायला शिकवायची. आणि चोराने तीन वर्षांत एकही चोरी केली नव्हती, कारण शेजाऱ्यांकडे चोरी करवत नाही आणि लांब जायचं तर गुडघे दुखतात. गुडघे खरं तर मास्तरांचे दुखायचे, पण त्यांनी ते चोरालाही दिले होते. मागचे तीन रविवार घरमालकिणीच्या हंसाने कुणाला चावावं आणि कुणाला चावू नये याचा तंटा मिटवण्यात गेले होते.

ताईला हे आवडायचं. हंसाचा आवाज ती स्वतः काढायची. पण आता चारच रविवार उरले होते. धाकट्याला दुसऱ्या गावात मोठं काम मिळालं होतं, नव्या वसाहतीची सगळी नळजोडणी. महिन्याभरात दोघं बिऱ्हाड हलवणार होती. बेचाळीसपैकी एक्केचाळीस पेठा कुणीही पाहिलेल्या नव्हत्या. घंटांचा बाजार, उलटी वाहणारी नदी, टेकडीवरचा तलाव, ज्याच्यावर तिने सलग दोन उन्हाळे घालवले होते, सगळं फायलीत मिटून राहणार होतं. आणि कुणी चाललंच नाही तर शहर कसलं, नुसती रद्दी.

म्हणून तिने बेत केला. जीवच अडला म्हणजे बाहेर पडतीलच.

"सकाळ झाली," ताईने सुरुवात केली. "घरमालकीण हौदावर घागर घेऊन गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. हौद कोरडा आहे. तळाला गाळ आणि दोन मेलेले बेडूक."

"अरे देवा," भावजय म्हणाली. "हंस?"

"हंस ठीक आहे. पाणी वरून येतं, हे तुम्हाला माहीत आहे. पाटाच्या काठाने वर वर गेलात, तर कळेल कुठे अडलं ते." हे वाक्य ताईने आठवडाभर घोळवलं होतं. काठाने वर गेलं की वाटेत अकरा पेठा लागत होत्या.

पण तिघांनी वर बघितलंच नाही. त्यांनी गल्लीची सभा बोलावली.

"आधी म्हाताऱ्या माणसांना पाणी," भावजय बोटांवर मोजत म्हणाली. "मग लहान मुलं. आंघोळी बंद."

"माझा धंदाच बसला की," धाकटा म्हणाला.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," मास्तर म्हणाले. "मी काय म्हणतो, खालच्या चौकातल्या रंगाऱ्यांकडून एक दिवस उसनं आणू. माझा चोर त्यांच्या हौदातून रात्री—"

"मास्तर! मागून मिळत असेल तर चोरायचं कशाला?" भावजयीने त्यांना थांबवलं. "ताई, माझी बाई दोन घागरी घेऊन रंगाऱ्यांच्या हौदावर जाते. आहे का पाणी त्यांच्याकडे?"

फायलीत जे लिहिलंय ते खरं, हा ताईचा नियम होता. अकरा वर्षांत तिने तो मोडला नव्हता. तिने सवयीने पान उलटलं. तिथे तिच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की आज रंगाऱ्यांचा कापड धुण्याचा वार.

"आहे," ती म्हणाली. "हौद काठोकाठ आहे. रंगारी कापडं धुतायत."

भावजयीने आनंदाने फासा उचलला. धाकट्याने मात्र तिच्या हातावर हात ठेवला. त्याच्या कपाळावर आठी पडली होती. गिऱ्हाईक म्हणतं 'काल तर चालू होता नळ', तेव्हा पडते तीच.

"थांब. ताई, रंगाऱ्यांच्या हौदाला पाणी कुठून येतं?"

"पाटातून."

"पाटातून थेट नाही. आपला हौद भरून सांडला की सांडलेलं पाणी खाली त्यांच्याकडे जातं. तूच सांगितलंयस. हंसाचं पिल्लू त्या नळीत अडकलं होतं, मी काढलं होतं."

ताईने उलटलेलं पान परत उलटलं.

"मग वरचा हौद कोरडा आणि खालचा काठोकाठ? असं होत नाही, ताई. कुठंतरी पाणी मुरतंय."

"जादू असेल," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"ताईच्या पाण्यात जादू नसते, मास्तर. तिच्याकडे भुतंसुद्धा उताराने वाहतात." तो ताईकडे बघत होता, आता हळू आवाजात. "खरं सांग. हौद तू आटवलास ना?"

ताईने फाईल मिटली. कान तापल्याचं तिला जाणवलं. प्रयोगशाळेत एकदा तिच्या हाताखालच्या मुलीने नमुना न तपासताच आकडा भरला होता. तेव्हा ताईने तिला काय काय सुनावलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवलं.

"हो," ती म्हणाली. "पाण्याला काही झालेलं नाही. मीच खोटं सांगितलं."

"का पण?" भावजयीने विचारलं.

"तुम्ही चाललात. चार रविवार राहिलेत आणि तुम्ही एक गल्ली बघितलीय. एक! मला वाटलं, पाण्यासाठी का होईना, टेकडीपर्यंत जाल. निदान तलाव तरी बघाल." तिला पुढे बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "मी कुणासाठी केलंय हे सगळं?"

धाकटा टेबलावरचा फासा बोटाने लोळवत बसला.

मास्तरांनी घसा साफ केला. "अगं पोरी, मग चार शब्द बोलायचंस. आम्हाला वाटलं तुला गल्लीच आवडते."

"मला?"

"तर! तू दाराची कडीसुद्धा सांगतेस. कुठल्या कडीला गंज, कुठली नवी. मग आत कोण राहतं ते विचारल्याशिवाय पुढचं दार गाठायचं कसं? बरं दिसतं का ते?"

"मी तर आळशीपणाने राहिले," भावजय म्हणाली. "आठवडाभर इस्पितळात धावते. इथे ओळखीची माणसं भेटतात, बरं वाटतं. पण तुम्ही म्हणाला असतात 'चल' तर आले असते की."

"खेळ चालवणाऱ्याने 'चला' म्हणायचं नसतं," ताई म्हणाली.

"हौद आटवायचा असतो, नाही का?" धाकटा म्हणाला, आणि ताईला नाइलाजाने हसू आलं. त्याने फासा तिच्या पुढ्यात सरकवला. "आधी पाणी सोड बाई. बेडूक जिवंत कर. मग मी बघतो."

"हौदात पाणी आहे," ताई सरळ बसून म्हणाली. "होतंच. बेडूक उड्या मारतायत."

"झालं तर. माझा मांत्रिक गल्लीत सांगतो, आज आंघोळीचं पाणी ज्याचं त्याने तापवावं. मी तलाव बघायला चाललोय."

"एकटा?" भावजय उसळली. "मीही येते. पोरींना सुट्टी."

"मला गुडघ्यांचं काही तरी बघावं लागेल," मास्तर म्हणाले. "पण येतो. चोराला काठी द्या."

खोलीला कुलूप लागलं. किल्ली घरमालकिणीकडे गेली. हंस गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला आणि सवयीने मास्तरांच्या चोराला चावला. ताईने सातव्या क्रमांकाचा ताव काढून मांडीवर उघडला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच घडीतून बाहेर आला होता, आणि घड्या अजून कडक होत्या.

"टेकडीकडची वाट आधी थोडी उतरते. गल्ली संपते तिथे उजवीकडे वळण आहे. वळलात की रंगाऱ्यांचा चौक. दोऱ्यांवर ओली कापडं, त्यांच्याखालून वाकून जावं लागतं. जमीन चार रंगांत भिजलीय. कोपऱ्यात एक बाई कढई ढवळतेय. तिचा एक हात कोपरापर्यंत निळा आहे."

"एकच?" भावजयीने विचारलं.

"एकच."

"का?"

ताईने पान चाळलं, पुढचं चाळलं. निळा हात तिने सहा वर्षांपूर्वी लिहिला होता. कारण लिहिलेलं नव्हतं. "ते फायलीत नाही."

"मग विचारायला हवं," मास्तर काठी टेकवून उभे राहिले. खरोखरचेच उभे राहिले.

त्या बाईला विचारता विचारता तिचा जावई निघाला, जावयाचे रुसवेफुगवे निघाले, लाल रंगावरून दोन घरांत दहा वर्षं बोलणं नव्हतं ते निघालं. भावजयीने लाल घराकडून बोलणी सुरू केली, मास्तरांनी निळ्या घराकडून. धाकटा कढईखालचा जाळ बघत होता. त्याचं मत पडलं की चूल चुकीच्या बाजूला आहे. ताईला उत्तरं शोधायला फायलीत बघावंच लागलं नाही. फायलीत नव्हतंच काही. तिघं विचारत होती आणि ती सांगत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं, की ती आलेखाच्या कागदाच्या कडेला भराभरा लिहितेय आणि अक्षर वाकडं येतंय.

पाच वाजले तेव्हा मंडळी त्याच चौकात होती.

ताईने पट्टी घेतली आणि तावावर मोजलं. "चाळीस पावलं," ती म्हणाली. "गल्लीपासून तलाव सहा हजार पावलं. आजची चाळीस गेली. या वेगाने आणखी एकशे एकोणपन्नास रविवार."

"तीन इथे," धाकट्याने हिशेब पुरा केला. "बाकीचे एकशे सेहेचाळीस फोनवर. रविवारी तीन वाजता मी कुणाचा नळ दुरुस्त करत नाही, हे तिथल्या मुकादमाला आधीच सांगून ठेवतो."

"फोनवर?" ताई म्हणाली. "नकाशा कसा दाखवणार?"

"तू कुठे दाखवतेस? तू सांगतेस."

मास्तर बोटांवर वर्षं मोजत होते. "म्हणजे मी चौऱ्याहत्तरीत तलाव बघणार," ते म्हणाले. "चालेल. पण टेकडीची चढण जरा कमी करता येईल का ते बघ."

"नाही येणार," ताई म्हणाली. "पाणी उतरायला हवं ना."