उसवलेलं जहाज

आमच्या कपाटावर सतरा खोकी होती आणि त्यांतलं एकही मी कधी उघडलं नव्हतं. सुटे भाग जोडून प्लास्टिकची विमानं, जहाजं, आगगाड्या बनवायचे ते जुने संच. असं जुनं सीलबंद खोकं म्हणजे आम्हा शौकिनांत देवाच्या खालोखाल. दर रविवारी मी ती कोरड्या फडक्यानं पुसायचो, कानाशी धरून अलगद हलवायचो आणि आतले भाग खुळखुळले की समाधानानं परत जागच्या जागी ठेवायचो. "इतर बायकांना एका सवतीची धास्ती असते," बायको म्हणायची, "मला सतरा आहेत, आणि सगळ्या डोक्यावर बसल्यात."

मग बनवत का नाहीस, असं लोक विचारायचे. उघडलं की त्याची किंमत गेली, हे माझं ठरलेलं उत्तर. खरं कारण वेगळं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिथे एक काच बिघडली तर दुसरी घेता येते, इथे दुसरी मिळत नाही. बंद खोक्यातलं जहाज कधीच बिघडत नाही, आणि मी बनवायला घेतलं तर ते नक्की बिघडेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अशात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, मनगट मोडून घेऊन. उभा जन्म शिवणकामात गेलेला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काही केल्या एकमेकांना भेटेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो दुसऱ्याच दिवशी सोफ्याखाली सापडला. "मी काय मांजर आहे चेंडूशी खेळायला?" सासूबाई म्हणाल्या.

पण एका दुपारी त्या खिडकीशी बसून सुईत दोरा ओवताना दिसल्या. दोरा नेढ्यापर्यंत जायचा आणि बोटांतून सुटायचा. शेवटी त्यांनी सुई डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "संपलं आपलं शिवणकाम." जी बाई तापातही गप्प बसत नाही, तिचा तो आवाज मला ऐकवेना.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, त्यांना काहीतरी बारीक काम द्या, मन रमेल असं. बायकोनं मान वर करून कपाटाकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी मी बाजारातून एक नवंकोरं, साधंसं विमान आणून सासूबाईंपुढे ठेवलं. जिवावरचं शेपटावर निभावलं, असं मला वाटलं.

असे भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला जोडलेले येतात; ते कापून सुटे करताना त्यांनी प्रत्येकाच्या कडेला थोडं प्लास्टिक जास्त ठेवलं. "माया सोडलीय," त्यांनी मला समजावलं. "पुढे अंगाला घट्ट झालं तर?" अर्थातच पंख बसेनात.

"आई, विमान जाड होत नाही," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की हातातली शेपटी खाली पडली. मग कानस घेऊन सगळ्या कडा घासल्या आणि विमान उभं केलं. सगळं डाव्या हातानं. उजवा मांडीवर पाहुण्यासारखा बसून होता.

"आता ते वरचं मोठं काढा," त्यांनी शिडांच्या जहाजाकडे मान उडवली. ते म्हणजे माझा जीव की प्राण.

"ते फार जुनं आहे, आई. आता कुठे मिळत नाही."

"जुनी तर मीही आहे, जावईबापू. मलाही पुसून कपाटावर ठेवा."

बायको खो खो हसली. मला हसू आलं नाही. माझा चेहरा बघून सासूबाईच नरमल्या. आपल्या उजव्या हाताकडे पाहत म्हणाल्या, "राहू द्या, खरंच राहू द्या. माझ्या हातून बिघडलं तर?"

हे वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी ते मनात घोकत होतो आणि वर स्वतःला चोखंदळ समजत होतो. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की ती नुसती भीती आहे. मी स्टूल ओढलं, खोकं खाली आणलं आणि विचार बदलायच्या आत त्यावरचा कागद टर्रकन फाडला.

जहाजाच्या दोरखंडांसाठी आत दोऱ्याची एक गुंडाळी होती. हातात घेतली तर तिचा भुगा झाला. मी बाहेरून पहारा देत होतो आणि ती आत कुजत होती.

"दोरा माझ्याकडे डबाभर आहे," सासूबाई म्हणाल्या.

जहाजाच्या पोटाचे दोन अर्धे भाग जोडायचा मान मी घेतला. प्लास्टिक विरघळवून सांधणारा डिंक लावला, भाग दाबून धरले. सांधा असा जुळला की माझा मलाच हेवा वाटला.

"अहो, हे काय राहिलंय?" बायकोनं विचारलं. तिच्या हातात जहाजाचा अख्खा डेक होता. तो आधी आत बसवायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"वाटोळं केलं मी," मी म्हणालो.

"कसलं वाटोळं? उसवायचं," सासूबाई म्हणाल्या. "निम्मं शिवणकाम उसवण्याचंच असतं. आणा इकडे, डिंक ओला आहे तोवर."

त्यांनी जहाज पोटाशी गच्च धरलं, भाग कापायच्या पात्याचं टोक सांध्यात घातलं आणि शिवण उसवावी तसं हळूहळू पुढे सरकवत नेलं. मी त्या सांध्याकडेच बघत होतो. जहाजाच्या अंगावर चांगला बोटभर ओरखडा उठला आणि दोन्ही भाग सुटे झाले.

"आई," बायको हळूच म्हणाली, "पातं कुठल्या हातात आहे बघ."

सासूबाईंनी खाली पाहिलं. पातं उजव्या हातात होतं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. रुसून गेलेलं पोर घरी परतल्यावर त्याच्याकडे बघावं, तसं त्यांनी त्या बोटांकडे पाहिलं. डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्या आमच्यावरच खेकसल्या, "गप्प बसा दोघं. डिंक वाळतोय."

मग त्यांनी सुई मागितली. दोन-चारदा दोरा सुटला, एकदा वाकडा गेला, आणि मग ओवला गेला. त्यांनी सुई उजेडात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. मी उठलो, परत स्टुलावर चढलो आणि दुसरं खोकं उचललं.

"अहो, आधी हे तरी पुरं होऊ द्या," बायको खालून म्हणाली.

"काढू दे गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "फक्त जावईबापू, त्यातही डेक असेल, तर आधी माझ्या हातात द्या."