फोटोतला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. माझे हात झिजले आहेत आणि मधली स्प्रिंग बसणाऱ्याला टोचते. मला घडवणारे बाबा बायको आणि दोन मुलींना घेऊन परदेशातून या शहरात आले. दिवसभर ते कारखान्यात दुसऱ्यांचे सोफे शिवायचे. सुटीच्या दिवशी उरलेले लाकूड आणि कापड जोडून त्यांनी मला तयार केले.

सुरुवातीला आमच्याकडे कोणी फिरकत नसे. शेजारी जिन्यात भेटले तरी नजर चुकवून पुढे जात. मग घरचीच माणसे माझ्यावर लोळायची. थोरली ताई बसमध्ये कंडक्टर होती. कामावरून आली की बुटांसकट आडवी व्हायची आणि आईचा ओरडा खायची.

एके दिवशी तिच्या बसला आग लागली. ताईने एकेका प्रवाशाला बाहेर काढले. ती स्वतः मात्र बाहेर आली नाही.

त्यानंतर आमच्या दाराला उसंत मिळेना. शेजारी आले, बातमीदार आले, फुले आली. माझ्यावर नवे कापड चढले. आई-बाबा माझ्यावर शेजारी शेजारी बसत आणि फोटो निघत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'धीराचे कुटुंब' म्हटले. बाबा प्रत्येकाला सांगत, "घरातून निघाली तेव्हा हसत होती."

पाहुणे गेले की आई उठून आत जायची. बाबांशी ती एक शब्द बोलत नसे. त्याचे कारण मी पाहिले होते. बसला आग लागली त्या सकाळी ताईच्या अंगात कणकण होती. ती माझ्यावर पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"आज रजा घेऊ का?" तिने विचारले.

"आपण बाहेरची माणसं, बाळा," बाबा म्हणाले. "रजा मागितली की लगेच डोळ्यावर येतं."

ती उठली आणि गेली.

पुढे चौकाला ताईचे नाव द्यायचे ठरले. एक बातमीदार बाई फोटोग्राफरला घेऊन आल्या. त्यांनी ताईच्या शेवटच्या सकाळबद्दल विचारले. बाबांनी नेहमीचे वाक्य सुरू केले.

"हसत नव्हती ती," धाकटी मधेच म्हणाली. "तिला बरं वाटत नव्हतं. तिला घरी थांबायचं होतं."

बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"मीच पाठवलं तिला," ते म्हणाले. इतके दिवस कोणासमोर डोळेही न पुसणारे बाबा ओंजळीत तोंड लपवून रडू लागले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवला. आईने बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी तरी कुठे थांबवलं?" ती म्हणाली. "डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं."

त्या दिवशी फोटो निघाला नाही. अजूनही बोलता बोलता आई गप्प होते. बाबा उठून खिडकीपाशी जातात. पण आता तिघेही ताईबद्दल बोलतात, तिच्या हट्टांबद्दल आणि भांडणांबद्दलसुद्धा.

मित्रांनो, अशा एखाद्या घरी गेलात तर धीराचे कौतुक करून लगेच उठू नका. जरा टेकून बसा. ती माणसे रडली तर रडू द्या, गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा. तुमच्यासाठी त्यांना धीट राहावे लागू नये, एवढे मात्र सांभाळा.