लग्नातलं पातेलं

उत्तराने जरीपटका वस्तीत बाळंतपणाचा दवाखाना काढायचं ठरवलं, तेव्हापासून सुमतीच्या घशाखाली घास उतरेना. नर्सिंग शिकताना दोघी एकाच खोलीत राहिलेल्या. मार्क सुमतीलाच जास्त. पण गिरिधरशी लग्न झालं, पोर झाली आणि नर्सची टोपी ट्रंकेत गेली ती गेलीच.

"उद्या सरकारी डॉक्टर पाहाले येऊन राहिले," उत्तरा सांगत आली. "त्याईनं पास केलं तरच परवाना. अवजारं उकळाले मोठं भांडं नाही वं. तुझं लग्नातलं स्टीलचं पातेलं देशील का?"

"ने ना. माझ्या घरी काय उकळाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी पोरीला खांद्याशी धरून सुमतीही गेली. मदतीला म्हणून. खरं तर काहीतरी फसलेलं पाहायला.

डॉक्टरसाहेबांनी खाटा पाहिल्या, नळ सोडून पाहिला. मग विचारलं, "रात्रीची नर्स कुठे आहे?"

"जयवंताबाई. पारशिवनीला गेल्या, आज येणार होत्या..."

"रात्रीला शिकलेली नर्स हजर नाही, तर परवाना नाही. पुढच्या तपासणीला बघू."

उत्तराचा चेहरा उतरला. माठातलं पाणी प्यावं तसं सुमतीला आतून गार वाटलं. तिने पोरीच्या टाळूवर हनुवटी टेकवली.

निघता निघता साहेब पातेल्यावर वाकले. कोरलेलं नाव वाचलं. "सौ. सुमती. या कोण?"

उत्तरा खाली पाहत राहिली. पातेलं मागायला ही दारात आली, आणि नर्स म्हणून मला मागायचं हिच्या मनातसुद्धा आलं नाही! सुमतीचा गारवा कुठच्या कुठे गेला.

"मी," ती बोलून गेली. "मीपण नर्स आहे, हिच्याच बरोबरीची. रात्री मी राहीन."

"नोंदणी?"

"आहे. घरून आणते."

"आणा. पाहून सही करतो."

साहेब बाहेर जाताच उत्तराने तिचा हात धरला. "सुमे, मले वाटलं लेकरू लहान आहे..."

"वाटलं तर विचाराचं होतं ना वं! पातेलं बरं मागता आलं!"

"अन गिरिधरभाऊ?"

"त्याईले मी पाहून घेईन. तू आधी पोरीचा पाळणा बांध इथं."

संध्याकाळी परवाना मिळाला. दारावर उत्तराच्या नावाची ओली पाटी लागली. ती पाहून सुमतीच्या पोटात पुन्हा दुखलंच. पोरीला पाळण्यात निजवून तिने टोपी चढवली, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि कोरलेलं नाव दाराकडे येईल असं फिरवलं.